चौथा स्क्रू

नंदुरबार जिल्ह्यात संगणक मरत नाही, त्याची बदली होते. मुलाला पुण्यात नोकरी लागते, तो लॅपटॉप घेतो आणि त्याचा टेबलावरचा संगणक नंदुरबारला वडिलांकडे येतो. वडील त्यावर थोडे दिवस पत्ते खेळतात आणि डोळे दुखतात म्हणून थांबतात. मग तो शहाद्याच्या भाच्याकडे जातो, कारण भाचा स्पर्धा परीक्षा देतो आहे. परीक्षा होते, निकाल कोर्टात अडकतो आणि वाट बघता बघता भाचा झेरॉक्सचं दुकान टाकतो. संगणक तिथे रुजू होतो. पुढे तळोदा, अक्कलकुवा अशी त्याची सेवा चालूच राहते. धडगावची बदली मात्र शक्यतो टाळली जाते. सातपुड्याचा घाट चढताना जुन्या हार्डडिस्कचं काही खरं नसतं.

या बदल्यांत आतला माल बदलत राहतो. रॅम जाते, दुसरी येते. मॉनिटरचं पोट आत जातं. कायम राहतो तो पत्र्याचा डबा. दुकानदार त्याला कॅबिनेट म्हणतो, घरचे त्याला सीपीयू म्हणतात आणि दसऱ्याला दोघेही त्याला हळदकुंकू वाहतात. झेंडूच्या पाकळ्या मागच्या जाळीतून आत शिरतात आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत मुक्काम करतात.

आमच्याकडचे बरेचसे डबे एमएस-सीआयटीच्या काळातले. तो अभ्यासक्रम 2001 मध्ये सुरू झाला, सरकारी नोकरांना तो उत्तीर्ण होणं भाग पडलं आणि तालुक्याच्या गावांत शिकवणीवर्गांबरोबर संगणकही आले. मग 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. पंतप्रधान येऊन गेले, मंडप सुटला आणि त्यानंतर हळूहळू आधार, सातबारा, शिष्यवृत्ती, पीकविमा असं सगळं संगणकात गेलं. ज्या डब्यावर गुरुजी माऊस धरायला शिकले, त्याच्यावर आता गावाचा कारभार येऊन पडला. माणूस ठरलेल्या वयात निवृत्त होतो. डब्याला ती सोय नाही.

त्यातून तो कधी बसलाच, तर दहा वेळांपैकी निम्म्या वेळी गेलेला असतो तो एसएमपीएस.

एसएमपीएस म्हणजे डब्याच्या मागच्या अंगाला, वरच्या कोपऱ्यात चार स्क्रूंवर बसवलेली पेटी. भिंतीतून 230 व्होल्ट येतात. संगणकाच्या नाजूक अवयवांना ते झेपत नाहीत. त्यांना 12 हवे असतात, 5 हवे असतात, काहींचं तर 3.3 वर भागतं. ही पेटी मोठी वीज घेऊन तिचं लहान लहान वाटप करते. पिवळी तार 12 ची, लाल 5 ची, नारिंगी 3.3 ची, काळ्या सगळ्या परतीच्या. जांभळी तार संगणक बंद असतानाही जागी असते. हिरवी तार काळीला टेकली की पेटी कामाला लागते आणि राखाडी तार ‘सगळं ठीक आहे’ असा अहवाल वर पाठवते. वाटपाचं काम म्हटल्यावर वाटेत गळती आलीच. भिंतीतून 100 वॅट घेतले तर खाली 100 पोचत नाहीत. उरलेले उष्णतेच्या रूपाने पंख्यावाटे बाहेर पडतात. जुन्या पेट्यांत तिसरा हिस्सा असा सहज जाई. 2004 पासून ‘80 प्लस’ नावाचं प्रमाणपत्र निघालं. पाचव्या हिश्श्याइतका भार असो, निम्मा असो की पूर्ण, निदान 80 टक्के माल खाली पोचलाच पाहिजे, अशी त्याची अट. हे ऑडिट फक्त एसएमपीएसला लागू आहे.

आमच्या हवेत ही पेटी टिकते हेच आश्चर्य. मे महिन्यात बाहेर 43-44 अंश, दुकानावर पत्रा आणि डब्याच्या शेजारी झेरॉक्स मशीन. पेटीतल्या कपॅसिटरांच्या पोटात ओलसर रसायन असतं. उन्हाळे काढून काढून ते आटतं, कपॅसिटरचं डोकं फुगतं आणि एक दिवस तो फुटून मोकळा होतो. पंखा हवा ओढणार म्हणजे हवेतलं जे काही असेल ते ओढणार. नंदुरबारच्या हवेत काय असतं ते सांगायला नको. मिरचीची बाजारपेठ असलेल्या या गावाभोवती हिवाळ्यात पथाऱ्यांवर मैलभर लाल मिरची वाळत असते. मिरचीच्या व्यापाऱ्याच्या गादीवरचा संगणक उघडणारा जाणता कारागीर आधी तोंडाला रुमाल बांधतो. नवशिका मात्र धूळ उडावी म्हणून डब्यात तोंड घालून फुंकर मारतो. त्यानंतर अर्धा तास त्याच्याकडून कुठलंही निदान होत नाही.

भाच्याच्या दुकानातला एसएमपीएस भर गर्दीत गेला. ‘फट्’ असा आवाज आला आणि जळका वास सुटला. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी आलेली पोरं, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले दोन म्हातारे आणि लॅमिनेशनला आलेल्या एक बाई असे सगळे एकदम मागे सरकले, आणि आवाज परत येत नाही असं बघून पहिल्यापेक्षा जवळ आले. तेवढ्यात शेजारच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून आप्पा आले. आप्पा म्हणजे आमच्या भागातले जुने वायरमन. विहिरीतली मोटार, पिठाची गिरणी, गणपतीची लाइटिंग, ज्याला ज्याला वायर आहे त्यावर त्यांचा शब्द अखेरचा.

‘काय व्हयनं भो?’

‘आप्पा, एसएमपीएस गेला.’

‘कथा गया?’

गर्दी हसली. आप्पांनी वास घेतला, मान हलवली आणि ‘कंडेन्सर गया’ असा निकाल दिला. मोटार असो की मिक्सर, आप्पांचा निकाल नेहमी हाच असतो. या वेळी तो खरा होता, एवढंच.

आता नवा एसएमपीएस आणायचा. इथे आमच्या जिल्ह्याची जुनी अडचण उभी राहते. मुंबई लांब, सुरत जवळ, त्यामुळे चांगली वस्तू म्हणजे सुरतेची असं आमच्या मनात पक्कं बसलेलं आहे. ताप्तीच्या खोऱ्यातून जाणारी गाडी पकडली की सुरत काही दूर नाही. पण सुरतेहून येणारा ओळखीचा माणूस नेहमी कालच येऊन गेलेला असतो आणि जाणारा नेहमी पुढच्या आठवड्यात जाणार असतो. दाखल्याला आलेले म्हातारे तोवर थांबणार नाहीत. म्हणून गावातल्याच दुकानात जायचं.

दुकानदार एकच प्रश्न विचारतो, ‘कितीवाला देऊ?’ या प्रश्नाचा वॅटशी संबंध नसतो. सगळ्या खोक्यांवर 450 च छापलेलं असतं. सगळ्यात स्वस्त खोक्यावरही 450 आणि त्याच्या तिप्पट किमतीच्या खोक्यावरही 450. त्यातली एखादी पेटी फिरवून बाजूचं लेबल वाचावं. पिवळ्या तारेपुढे 12 व्होल्ट आणि 14 अँपिअर लिहिलेलं असेल तर गुणाकार करावा. 168 येतात. संगणकाची जड कामं बहुतेक या 12 व्होल्टांवर चालतात. उरलेले वॅट कुठल्या तारेतून येणार, ते छापणाऱ्यालाच ठाऊक. तसं पाहिलं तर भाच्याच्या जुन्या डब्याला शंभर-सव्वाशे वॅट पुष्कळ झाले. पण 150 लिहिलेलं खोकं आमच्याकडे कोणी विकत घेणार नाही. आपला संगणक एवढा गरीब आहे, हे गर्दीसमोर मान्य कोण करणार?

आप्पांनी लेबल वाचलंच नाही. त्यांनी एका हातात एक आणि दुसऱ्या हातात दुसरा एसएमपीएस घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, ‘हाई हलकं से. हाई नको.’ सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्याचे दात बघतात तसं आप्पा विजेच्या वस्तूचं वजन बघतात. दुकानातला शिकलेला पोरगा गालात हसला. हसण्यासारखं काहीही नव्हतं. गंमत अशी की एसएमपीएस जन्मालाच आला तो वजन कमी करायला. आपल्या भिंतीतली वीज सेकंदाला 100 वेळा दिशा बदलते आणि एवढ्या सावकाश चालणाऱ्या विजेला लोखंडाचा जडशीळ ट्रान्सफॉर्मर लागतो. एसएमपीएस तीच वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, त्यामुळे मुठीत मावेल एवढा ट्रान्सफॉर्मर पुरतो. 1977 मध्ये ॲपल-2 हा संगणक आला तेव्हा रॉड होल्ट यांनी केलेला असा हलका पुरवठा त्याचं मोठं वैशिष्ट्य होतं. म्हणजे जगाने वजन कमी केलं म्हणून संगणक घरात आला आणि आप्पा वजन जास्त आहे म्हणून तो पसंत करतात. दोघांचंही बरोबर आहे. कारण स्वस्त पेटीत जे गाळलेलं असतं ते सगळं वजनदार असतं. उष्णता शोषणारे ॲल्युमिनियमचे पत्रे, तांब्याची वेटोळी, मोठे कपॅसिटर, जाड तारा. लेबलावर काहीही छापता येतं. वजन छापता येत नाही.

आप्पांच्या पसंतीचा जड एसएमपीएस दुकानात आला आणि खरा कार्यक्रम सुरू झाला.

डबा उघडायला स्क्रू ड्रायव्हर लागतो. तो आमच्याकडे कधीच सापडत नाही. सापडतो तो टेस्टर. चपट्या तोंडाच्या टेस्टरने फुलीचे स्क्रू काढणं ही खानदेशातली जुनी हस्तकला आहे. डब्याच्या बाजूचा पत्रा निघाला. या स्वस्त पत्र्यांच्या कडा कारखान्यात घासत नाहीत, त्यामुळे डबा उघडणाऱ्याच्या बोटाचं रक्त आतल्या धातूला लागतंच. आत धूळ होती, झेंडूच्या पाकळ्या होत्या, एक स्टेपलरची पिन होती आणि एक पाल होती. तिने आमच्याकडे नाराजीने पाहिलं आणि ती झेरॉक्स मशीनमध्ये राहायला गेली.

‘एवढा जुना डबा, त्याला नवा एसएमपीएस बसेल का?’ लॅमिनेशनच्या बाईंनी विचारलं. प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर मोठं सुखद आहे. अगदी जुन्या, एटी जातीच्या डब्यांत अडचण यायची. आयबीएमचा एटी संगणक 1984 चा. त्या घराण्यात समोरच्या बटणापर्यंत थेट 230 व्होल्टची वायर आणलेली असायची आणि बोर्डाला पी-8, पी-9 नावाचे दोन वेगळे जोड लावावे लागायचे. दोन्हींच्या काळ्या तारा मधोमध शेजारी आल्या तर संगणक सुरू, उलटे लागले तर बोर्डाचा धूर. 1995 मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं नवं माप ठरवलं. पेटीची रुंदी 150 मिलिमीटर, उंची 86, खोली सर्वसाधारणपणे 140 आणि चार स्क्रूंच्या जागा ठरलेल्या. आमचा जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 रोजी. म्हणजे एसएमपीएसचं भोक केवढं असावं हे ठरलं, तेव्हा आम्ही अजून धुळ्यात होतो. त्यानंतर प्रोसेसरच्या कित्येक पिढ्या झाल्या, फ्लॉपी गेली, सीडी गेली, पालकमंत्री किती आले न् गेले. 150 गुणिले 86 चं भोक जागेवर आहे. कारकुनापासून कलेक्टरपर्यंत ज्याच्या टेबलाखाली पूर्ण मापाचा एटीएक्स डबा आहे, त्याला आज दुकानातून आणलेली एटीएक्स पेटी बसते. एवढी दीर्घायुषी शिस्त माणसाने पाळल्याची उदाहरणं फार नाहीत.

आप्पांना इतिहासात रस नव्हता. ‘बसी जाई,’ ते म्हणाले.

पेटी आत सरकवली. अर्धी गेली आणि थांबली. चांगली, जड पेटी कधी कधी 140 ऐवजी 160 मिलिमीटर खोल असते, कारण आत जास्त माल असतो. जुन्या आखूड डब्यात तिच्या वाटेत सीडी ड्राइव्ह येतो. या ड्राइव्हमध्ये कित्येक वर्षांत कोणी सीडी घातलेली नव्हती. पण तो काढू या म्हटल्याबरोबर भाच्याला आपल्या लग्नाची सीडी आठवली. ती कुठे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, पण सापडली तर लागेल म्हणून ड्राइव्ह हवाच होता. पेटी त्यामुळे अर्धी आत आणि अर्धी बाहेर अशी नवापूर स्टेशनच्या अवस्थेत राहिली. नवापूरला फलाटामधून राज्याची हद्द जाते. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरची खोली गुजरातमध्ये. तिथे बाकावर बसलेला माणूस न उठता राज्य बदलू शकतो. एसएमपीएसला ती सवलत नाही. शेवटी ड्राइव्ह दोन बोटं पुढे ओढला. त्याचं तोंड डब्याबाहेर आलं आणि भाच्याने लगेच त्यावर रबरी शिक्के ठेवले.

आता स्क्रू. पहिला आप्पांनी लावला आणि अंगातला सगळा जोर लावून पिळला. दुसरा बसला. तिसरा थोडा तिरका, पण बसला. चौथा बसेना. पेटीचं भोक आणि डब्याचं भोक एकमेकांना अर्धचंद्राएवढं दिसत होतं.

चौथा स्क्रू न बसणं ही आपल्या समाजाची गाजलेली घटना आहे, आणि अशा वेळी सल्ल्यांना तोटा नसतो. ‘तीन पुरे,’ असं दाखल्याच्या म्हाताऱ्यांनी मत दिलं. त्यांना दाखला हवा होता. ‘पेटी उलटी करा,’ शिष्यवृत्तीच्या पोराने सुचवलं. पण एटीएक्सची चार भोकं मुद्दामच चौरसाच्या चार कोपऱ्यांत नसतात. एक जरा आत सरकलेलं असतं. पेटी उलटी धरली की भोकं जुळतच नाहीत. ते एक परीने बरंच. नव्या पेटीचा मोठा पंखा खालच्या अंगाला असतो आणि तो प्रोसेसरच्या डोक्यावरची गरम हवा ओढतो. उलटी बसवली तर तो डब्याच्या वरच्या पत्र्याकडे तोंड करून गुदमरेल. ज्याने ते चौथं भोक सरकवलं, त्याने जगभरच्या उत्साही मदतनीसांचा आधीच विचार केलेला होता.

‘ड्रिल आणू का?’ आप्पांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता माणूस पाठवलाही. डब्यात बोर्ड असताना पत्र्याला ड्रिल मारणं म्हणजे लोखंडाचा कीस बोर्डावर शिंपडणं. तो कीस दोन टोकांच्या मध्ये कुठे जाऊन बसेल आणि काय जाळेल, याचा नेम नसतो. हे मी आप्पांना समजावून सांगत असताना धडगाव लाइनवर काळी-पिवळी चालवणारा एक ड्रायव्हर आरसी बुकाची झेरॉक्स काढायला आला. गाडीत माणसं बसवायची घाई असल्यामुळे त्याला आमची चर्चा परवडण्यासारखी नव्हती. त्याने टेस्टर घेतला, आप्पांनी पिळलेला पहिला स्क्रू सैल केला, दुसरा सैल केला, तिसरा सैल केला. पेटी केसभर हलली. चौथा स्क्रू बोटांनीच आत गेला. मग त्याने चारही स्क्रू थोडे थोडे, आधी एका कोपऱ्यातला, मग त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला असे कसले. जीपच्या चाकाचे नट घाटातला माणूस असेच कसतो. ‘पयला घट्ट करशात ते चौथा कसा बसी?’ एवढंच बोलून तो झेरॉक्स घेऊन गेला.

मला वाटतं, त्या वाक्यात आमच्या सगळ्या अडलेल्या कामांचं कारण आलं. डबा जुना नसतो आणि पेटीही चुकीची नसते. पहिला स्क्रू फार लवकर पिळलेला असतो. पहिल्या बैठकीत अध्यक्षाचं नाव पक्कं होतं आणि मग सभासद मिळत नाहीत. हॉलची तारीख आधी ठरते आणि मग मुलगी बघायला जातात. पाइपलाइनचा नारळ फुटतो आणि विहीर कुठे खणायची यावर वाद सुरू होतो. चारही स्क्रू आधी सैल लावून बघायचे, एवढं धैर्य आमच्यात नाही. सैल दिसलं की काम झालं नाही असं वाटतं, आणि कमी बोलणाऱ्या माणसाकडे आमच्यात टेस्टर देत नाहीत.

पुढचं काम तारांचं. पूर्वी बोर्डाला 20 टोकांचा जोड असायचा, 2003 नंतर 24 चा आला. पण नव्या पेटीतले चार टोकांचे तुकडे सहसा सुटे करता येतात, म्हणजे जुन्या बोर्डाचा मान राखला जातो. पेंटियम-4 च्या वेळी, 2000 साली, प्रोसेसरसाठी आणखी चार टोकांचा चौकोनी जोड आला. तो लावायचा राहिला की पंखे फिरतात, दिवा लागतो आणि पडद्यावर काहीच येत नाही. या अवस्थेतले संगणक ‘बोर्ड गेला’ म्हणून भंगारात गेल्याचं मी ऐकून आहे. जुन्या हार्डडिस्कला चार पिनांचा मोठा पांढरा जोड लागतो, नवी पेटी देते सपाट साटा. मधे एक कन्व्हर्टर लागतो आणि तो दुकानात कायम ‘उद्या येणार’ असतो. याच झटापटीत समोरच्या बटणाच्या बारीक तारा कोणाच्या तरी कोपराने उपटल्या. त्या नेमक्या कुठे होत्या, यावर उपस्थितांची तीन वेगवेगळी मतं पडली. शेवटी भाच्याने रिसेटच्या बटणाची तार पॉवरच्या पिनांवर लावली. आता तो संगणक रिसेटच्या बटणावर सुरू होतो. आमच्याकडे असे कितीतरी आहेत. त्यांच्या मालकांना यात काही विशेष वाटत नाही.

बटण दाबलं. पंखा फिरला. टाळ्या झाल्या. आणि लॅमिनेशनच्या बाईंनी डब्याला हात लावून ‘आई गं’ म्हणून तो झटकला.

‘शॉक मारस,’ आप्पा म्हणाले, आणि सगळ्यांनी नव्या एसएमपीएसकडे चोराकडे बघावं तसं पाहिलं. जुना कधी चावत नव्हता, हा चावतो, म्हणजे दोष नव्याचा, असं सरळ गणित. खरी गोष्ट अशी की चांगल्या पेटीच्या तोंडाशी विजेतला गोंगाट गाळणारे दोन लहान कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हींना पत्र्याशी जोडतात. अर्थिंग असेल तर त्यांच्यातून झिरपणारी किंचित वीज मुकाट्याने जमिनीत जाते. नसेल तर सगळा डबा दोघांच्या मधोमध, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास लोंबकळत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून माणूस फक्त दचकतो. स्वस्त पेटीत हे कपॅसिटर गाळलेले असतात, म्हणून ती चावत नाही. चावणारी पेटी तुम्हाला एवढंच सांगत असते, की तुमच्या भिंतीतलं तिसरं भोक शोभेचं आहे.

ते तसंच निघालं. तीन पिनांचा प्लग, तीन भोकांचा सॉकेट, आणि आत तिसरी तारच नाही. आप्पांची आता खरी चलती झाली. कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी घेऊन ते दुकानामागे गेले, कारण हा विषय त्यांच्या हयातीचा होता. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायचं असतं, हे त्यांनी भाच्याला बजावलं. गावात प्यायचं पाणी दिवसाआड आणि हा म्हणतो खड्ड्यात ओता, असं भाच्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट उमटलं. पण डबा चावायचा थांबला आणि दाखलेही निघाले.

तेव्हा वाचकहो, जुना डबा टाकू नका. त्याच्या पाठीचं माप अजून चालतं. एसएमपीएस घेताना 450 वाचू नका, 12 व्होल्टपुढचे अँपिअर वाचा, आणि वाचता येत नसतील तर वजन करा. चारही स्क्रू आधी सैल लावा. तिसऱ्या भोकात तार आहे की नाही ते माहितगार वायरमनकडून तपासून घ्या. एसएमपीएसची पेटी स्वतः मात्र कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरांत जीवघेणा साठा काही काळ राहतो आणि त्याला नातीगोती कळत नाहीत. शेवटचं म्हणजे, काही पेट्यांच्या मागे 115 आणि 230 असं लिहिलेलं एक छोटं लाल बटण असतं. ते 230 वरच असू द्या. 115 वर काय होतं हे बघायची इच्छा पोरांना फार होते, आणि आपल्याकडे ते एकदाच बघता येतं.